ओंडक्यांचा हिशेब आणि हवामानाचे देणे

जंगलतोडीमुळे पृथ्वीचे हवामान बिघडते, हे विधान आता इतके सर्वमान्य झाले आहे की ते ऐकताना कोणी थबकत नाही. वनमहोत्सवाच्या भाषणात मंत्री ते करतात, शाळेच्या निबंधात मुले ते लिहितात आणि आंतरराष्ट्रीय परिषदांत राष्ट्रप्रमुख त्याचा उच्चार करून टाळ्या घेतात. ज्या विधानाला कोणाचाच विरोध नसतो, ते बहुधा कोणाच्याच आड येत नसते. या विधानाचेही तसेच झाले आहे. जंगलतोड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे समूळ साफ केलेले, जाळलेले रान येते. परंतु जंगल उभे ठेवून त्यातील मोठी झाडे तेवढी यंत्रांच्या साह्याने काढून नेणारा जो लाकूडधंदा आहे, तो स्वत:ला या चित्रात बसवून घेत नाही. आम्ही जंगल नाहीसे करीत नाही, तयार झालेली झाडे तेवढी काढतो. उरलेली जोमाने वाढतात आणि वाढती झाडे हवेतील कार्बन अधिक शोषून घेतात, तेव्हा आमच्या धंद्याने हवामानाचे भलेच होते, असे त्याचे म्हणणे असते. हे म्हणणे वरकरणी बिनतोड वाटते. अनेक देशांची वनखाती वर्षानुवर्षे त्यावरच विसंबून राहिली आहेत. म्हणून त्याची शहानिशा होणे आवश्यक आहे.

ही शहानिशा करण्यासाठी बोर्निओ बेटाइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. ग्रीनलंड आणि न्यू गिनी यांच्या खालोखाल जगातील हे तिसरे मोठे बेट. त्याचा बराचसा भाग इंडोनेशियाकडे असून तो कालिमांतान या नावाने ओळखला जातो. उत्तरेकडील सारावाक व साबाह ही मलेशियाची राज्ये आहेत आणि त्याच किनाऱ्यावर ब्रुनेईचा छोटा देश आहे. १९७० च्या दशकाच्या आरंभी या बेटाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग अरण्याने व्यापलेला होता. तेथील महावृक्ष आपल्या परिचयाच्या साल वृक्षाच्या कुळातले. साठ-सत्तर मीटर उंचीचे वृक्ष या अरण्यात सहज आढळत. साबाहच्या दानुम खोऱ्यात तर शंभर मीटरांहून किंचित उंच असा एक वृक्ष काही वर्षांपूर्वी मोजला गेला. सरळसोट वाढणारे, बऱ्याच उंचीपर्यंत फांदी नसलेले खोड हे या वृक्षांचे वैशिष्ट्यच त्यांच्या मुळावर आले. 'मेरांटी' आणि तत्सम व्यापारी नावांनी त्यांचे ओंडके जगाच्या बाजारात जाऊ लागले.

लाकडासाठी वाटलेले अरण्य

सुहार्तो यांनी सत्तेची सूत्रे हाती घेतल्यानंतर १९६७ साली इंडोनेशियात नवा वनकायदा झाला. देशातील बहुतेक वनजमिनीवर शासनाचा अधिकार प्रस्थापित करून तोडीचे परवाने कंपन्यांना देण्याचा मार्ग त्याने मोकळा केला. पुढील पंचवीस वर्षांत सहा कोटी हेक्टरांहून अधिक जंगल अशा परवान्यांखाली गेले. म्हणजे जवळजवळ दोन महाराष्ट्रांएवढे. लष्करी अधिकारी, राज्यकर्त्यांचे आप्तस्वकीय आणि त्यांच्या आश्रयाने वाढलेले भांडवलदार हे या वाटपाचे मोठे लाभार्थी होते. १९८५ मध्ये इंडोनेशियाने कच्च्या ओंडक्यांच्या निर्यातीवर पूर्ण बंदी घातली. हेतू असा की लाकडावर प्रक्रिया देशातच व्हावी आणि रोजगार वाढावा. हेतू चांगला होता. परिणाम असा झाला की प्लायवूडचे असंख्य कारखाने उभे राहिले, त्या दशकाच्या अखेरीस इंडोनेशिया जगातील सर्वांत मोठा प्लायवूड निर्यातदार ठरला आणि या कारखान्यांची भूक भागविण्यासाठी अरण्यावरील ताण कमी होण्याऐवजी वाढला.

या व्यवस्थेतील एक विसंगती विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. एकदा तोड झालेल्या जागी पुन्हा पस्तीस वर्षांनीच तोड करावी, असा शासनाचा नियम होता. कंपनीला मिळणारा परवाना मात्र साधारणपणे वीस वर्षांचा असे. वीस वर्षांसाठी जंगल हाती आलेल्या माणसाने पस्तीस वर्षांनंतरच्या पिकाची काळजी वाहावी, ही अपेक्षा साधुसंतांकडून करता येईल. कंपन्यांकडून ती करणे हा भाबडेपणा होता, किंवा भाबडेपणाचे सोंग होते.

सारावाकमध्ये याहून वेगळे काही घडत नव्हते. १९८७ साली तेथील माजी मुख्यमंत्री अब्दुल रहमान याकूब आणि त्यांचे भाचे व तत्कालीन मुख्यमंत्री अब्दुल ताइब महमूद यांच्यात सत्तेसाठी संघर्ष पेटला, तेव्हा कोणाच्या गोटाकडे किती जंगल आहे, याच्या याद्या बाहेर पडल्या. मामांच्या आणि भाच्यांच्या नातलगांकडे व निकटवर्तीयांकडे प्रत्येकी दहा लाख हेक्टरांहून अधिक जंगलाचे परवाने असल्याचे त्यातून लोकांना कळले. त्याच वर्षी बराम व लिंबांग नद्यांच्या खोऱ्यांतील पेनान आदिवासींनी लाकूडवाहू रस्त्यांवर बांबूचे अडथळे उभारून आपली बायकामुले त्यांच्यामागे बसवली. सरकारने याला दिलेले उत्तर म्हणजे वनकायद्यात दुरुस्ती करून असा रस्ता अडविणे हाच गुन्हा ठरविणे. १९९० मध्ये आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय लाकूड संघटनेच्या पथकाने सारावाकला असा सल्ला दिला की, जंगल टिकवून लाकूड काढायचे असेल, तर वर्षाला सुमारे ९२ लाख घनमीटरांची मर्यादा पाळावी. प्रत्यक्षात त्या सुमारास दरवर्षी १ कोटी ८० लाख घनमीटरांच्या घरात लाकूड निघत होते. हे पथक लाकूडधंद्याचे शत्रू नव्हते, ही गोष्ट ध्यानात घ्यावी लागेल. लाकूड उत्पादक आणि ग्राहक देशांचीच ती संघटना. तिच्या मतेसुद्धा तोड दुप्पट होती.

'निवडक' तोडीचे वास्तव

आता 'निवडक' तोड म्हणजे काय, ते पाहू. एका हेक्टरातील शेकडो झाडांपैकी आठ-दहा किंवा थोडी अधिक झाडे काढायची, असे कागदावर असते. परंतु साठ मीटर उंचीचा वृक्ष एकटा पडत नाही. पर्जन्यवनातील झाडे जाडजूड वेलींनी एकमेकांशी जखडलेली असतात. एक कोसळताना तो शेजाऱ्यांना घेऊन कोसळतो. नंतर त्याचा ओंडका रस्त्यापर्यंत ओढून न्यायचा, तर बुलडोझर लहान झाडे व रोपे चिरडीत आपली वाट काढतो. साबाहमध्ये १९९० च्या दशकात झालेल्या शास्त्रीय मोजणीत असे आढळले की, नेहमीच्या पद्धतीने तोड केलेल्या जागी वर्षभरानंतर मूळच्या वनस्पतिभारापैकी ४४ टक्केच शिल्लक राहिला होता. म्हणजे वखारीत आले ते थोडे, आणि रानात मोडून, चिरडून, कुजण्यासाठी पडून राहिले ते कितीतरी अधिक. सुक्या लाकडाच्या वजनाचा जवळजवळ अर्धा भाग कार्बन असतो. ते कुजते किंवा जळते, तेव्हा हा कार्बन हवेत जातो.

लाकूड वापरात असेपर्यंत त्यातील कार्बन साठूनच राहतो, हा धंद्याचा दुसरा युक्तिवाद. शंभर वर्षांच्या वाड्यातील सागवानी तुळईबाबत तो खरा आहे. परंतु बोर्निओच्या लाकडाचे काय झाले? त्याच्या सर्वांत मोठ्या ग्राहक देशात, जपानमध्ये, प्लायवूडचा फार मोठा भाग इमारतींच्या सेंट्रिंगसाठी वापरला गेला. काँक्रीट ओतायचे, ते घट्ट झाले की फळ्या काढायच्या आणि काही वेळा वापरून टाकून द्यायच्या. शतकानुशतके वाढलेल्या वृक्षाचे आयुष्य एका इमारतीच्या बांधकामाबरोबर संपले. ओंडक्याचा जो भाग गिरणीत भुसा आणि चिपा होऊन गेला, त्याला तर तेवढेही आयुष्य लाभले नाही.

मग उरते ते तिसरे आणि सर्वांत आकर्षक विधान: तोडीनंतर जंगल जोमाने वाढते आणि कार्बन शोषू लागते. झाडे वाढतात, यात शंका नाही. परंतु जंगल म्हणजे केवळ झाडे नव्हेत. त्यात माती आहे, पडलेली खोडे आहेत, मेलेली मुळे आहेत. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात साबाहच्या जंगलांतील वाढीबरोबरच माती आणि कुजणारे लाकूड यांतून बाहेर पडणारा कार्बनही मोजण्यात आला. तेव्हा असे दिसून आले की, तोड झालेले जंगल पुढे किमान दशकभर जेवढा कार्बन शोषते त्याहून अधिक बाहेर टाकत राहते. म्हणजे जमेची बाजू तेवढी मोजायची आणि खर्चाच्या बाजूकडे डोळेझाक करायची, अशा पद्धतीने आजवर हा हिशेब मांडला जात होता. कोणत्याही पेढीत असा ताळेबंद मान्य झाला नसता.

आणि तोड नीट करता येत नाही, असेही नाही. त्याच साबाहमध्ये १९९२ साली एका अमेरिकी वीज कंपनीने आपल्या धुराची अंशत: भरपाई म्हणून काळजीपूर्वक तोडीच्या प्रयोगाला पैसा पुरविला. आधी वेली कापून ठेवायच्या, झाड कोणत्या दिशेला पडेल ते ठरवायचे, बुलडोझरच्या वाटा अगोदर आखायच्या, एवढेच त्यात होते. तेवढ्यानेही शिल्लक राहणारा वनस्पतिभार ४४ टक्क्यांवरून ६७ टक्क्यांवर गेला. हे ज्ञान तीस वर्षांहून अधिक काळ उपलब्ध आहे. ते सार्वत्रिक झाले नाही, कारण ज्याला पुन्हा त्या जागी यायचे नाही, त्याला उरलेल्या झाडांची पर्वा करण्याचे कारण नसते.

ओले रान पेटते कसे?

तथापि सर्वांत मोठे नुकसान तोडीच्या वेळी होत नाही. ते नंतर होते. अस्पर्शित पर्जन्यवन सहसा जळत नाही. माथ्यावरचे घनदाट छत ऊन अडवते, खाली दमट सावली असते, पालापाचोळा ओला राहतो. तोडीने हे छत फाटते. ऊन आणि वारा जमिनीपर्यंत पोचतात, आणि मोडून पडलेल्या फांद्यांचे इंधन तेथे तयारच असते. एल् निन्योच्या वर्षी पावसाने ओढ दिली की हे रान काडीपेटीसारखे होते. १९८२-८३ मध्ये पूर्व कालिमांतानमध्ये सुमारे ३५ लाख हेक्टर क्षेत्रावर आगी पसरल्या. महाराष्ट्राच्या सगळ्या नोंदलेल्या वनक्षेत्राच्या निम्म्याहून हे क्षेत्र मोठे आहे. १९९७-९८ मध्ये याच प्रांतात पुन्हा तसेच, किंबहुना अधिक भीषण, घडले. दोन्ही वेळा शास्त्रज्ञांचा निष्कर्ष एकच होता: नुकतीच तोड झालेले जंगल सर्वाधिक जळले, अस्पर्शित जंगल त्यामानाने बरेच बचावले. दुष्काळ दोघांवरही सारखाच होता.

मध्य कालिमांतानमध्ये तर शासनानेच आगीची सिद्धता केली. तेथील पाणथळ जंगलांखाली अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचे, पीट म्हणून ओळखले जाणारे, कित्येक मीटर जाडीचे थर आहेत. हजारो वर्षांचा कार्बन त्यांत पाण्याखाली दडून राहिला आहे. १९९५ साली सुहार्तो यांनी या प्रदेशात दहा लाख हेक्टर भातशेती करण्याची घोषणा केली. पाण्याचा निचरा करण्यासाठी चार हजार किलोमीटरांहून अधिक लांबीचे कालवे खोदले गेले, जंगल तोडून लाकूड नेले गेले. भात मात्र नावापुरताच पिकला आणि १९९९ मध्ये योजना गुंडाळण्यात आली. सुकलेले पीट उरले, आणि १९९७ च्या आगींत ते जमिनीच्या आत महिनोन्महिने धुमसत राहिले. त्या एका वर्षात इंडोनेशियातील पीट व वनस्पती यांच्या आगींतून जगाच्या खनिज इंधनांपासूनच्या वार्षिक उत्सर्जनाच्या १३ ते ४० टक्के इतका कार्बन बाहेर पडला, असा अंदाज शास्त्रज्ञांनी २००२ साली प्रसिद्ध केला. अंदाजातील अंतर मोठे आहे, हे खरे. पण त्यातील किमान आकडा धरला तरी तो थरकाप उडविणारा आहे. सारावाकमध्ये धुरामुळे आणीबाणी जाहीर करावी लागली. २०१५ मध्ये पुन्हा २६ लाख हेक्टर जळाले आणि जागतिक बँकेने इंडोनेशियाचे नुकसान सोळा अब्ज डॉलरांवर असल्याचे सांगितले. अरण्याच्या परवान्यांतून सरकारी तिजोरीत आलेले शुल्क या नुकसानीसमोर ठेवून पाहिले, तर या व्यवहारात राष्ट्राच्या पदरात काय पडले, हे सांगण्याची गरज राहत नाही.

आणखी एक परिणाम आहे. लाकूड नेण्यासाठी कंपन्यांनी बोर्निओत १९७३ ते २०१० या काळात पावणेतीन लाख किलोमीटरांच्या आसपास रस्ते काढले, असे उपग्रहांच्या छायाचित्रांवरून दिसते. भारतातील सगळ्या रेल्वेमार्गांची लांबी सत्तर हजार किलोमीटरांच्या आत आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ समजतो. हे रस्ते झाले की त्यावरून शिकारी आले, चोरटे तोडणारे आले आणि शेवटी पामच्या मळ्यांचे मालक आले. ज्या जंगलातील मोठी झाडे गेली, ते 'निकृष्ट' ठरविले जाई. आणि निकृष्ट जंगल कामाचे नाही म्हणून ते पूर्ण साफ करण्याची परवानगी दिली जाई. निकृष्ट कोणी केले, हा प्रश्न परवानगी देताना विचारला जात नसे. या मार्गाने त्या सदतीस वर्षांत सुमारे १ लाख ६८ हजार चौरस किलोमीटर जंगल नाहीसे झाले. महाराष्ट्राच्या निम्म्याहून अधिक. जे उरले त्यातील निम्म्याच्या आसपास तोड होऊन गेलेले होते. तेव्हा लाकूडधंदा आणि जंगलाचा समूळ नाश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे म्हणणे बोर्निओच्या इतिहासाला धरून नाही. पहिलीने दुसरीची वाट करून दिली.

आपल्या घराची चौकट

हे सारे हजारो मैलांवर घडले, त्याच्याशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आपल्या दाराशीच आहे. आपल्याकडच्या वखारीत दाराच्या चौकटीसाठी लाकूड विचारायला गेले की 'मलेशियन साल' पुढे केले जाते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये गोदावर्मन प्रकरणात दिलेल्या आदेशाने देशातील बेबंद तोडीला मोठा पायबंद बसला. तो आदेश स्वागतार्ह होता. परंतु लाकडाची मागणी त्याने कमी झाली नाही. ती बाहेर वळली. पुढील काळात सारावाकच्या ओंडक्यांचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक भारत झाला. खाद्यतेलाची कथा तीच. जगात सर्वाधिक पामतेल आयात करणारा देश भारत आहे आणि ते मुख्यत: इंडोनेशिया व मलेशिया येथूनच येते. वेफर्सच्या पुडीपासून साबणाच्या वडीपर्यंत ते कोठे कोठे असते, हे आपल्याला ठाऊकही नसते. आपले अरण्य आपण कायद्याने राखले आणि आपली गरज दुसऱ्याच्या अरण्यातून भागविली. आकाश मात्र दोघांचे एकच आहे. बोर्निओत सुटलेला कार्बन सारावाकची वेस ओळखत नाही. तो मराठवाड्याच्या पावसाशीही संबंध ठेवतो.

गरीब देशांनी आपली साधनसंपत्ती वापरू नये काय, हा प्रश्न येथे उपस्थित केला जाईल. १९९२ च्या रिओ परिषदेच्या वेळी मलेशियाचे पंतप्रधान महाथीर महंमद यांनी तो मोठ्या आवेशाने विचारला होता. पाश्चात्त्यांनी आपली जंगले केव्हाच तोडली, दोन शतके कोळसा जाळला आणि आता आम्हाला उपदेश करतात, हा त्यांचा आक्षेप न्याय्य होता. त्याचे उत्तर श्रीमंत देशांनी आजही पुरतेपणी दिलेले नाही. पण या आक्षेपाच्या आडून जे लपविले गेले, तेही सांगायला हवे. बोर्निओच्या लाकडाचा पैसा पेनान आदिवासीच्या झोपडीपर्यंत पोचला नाही. त्याच्या वाट्याला गढूळ नद्या आणि पोलीस ठाणे आले. राष्ट्राच्या विकासाच्या नावाने काही कुटुंबांचा विकास झाला. म्हणून हा झगडा विकास विरुद्ध निसर्ग असा मांडणे ही दिशाभूल आहे. अरण्यावर जगणारा आणि अरण्य विकणारा यांच्यातील तो झगडा आहे.

इंडोनेशियाला याची जाणीव उशिरा का होईना झाली, हे नमूद केले पाहिजे. २०११ मध्ये त्याने मूळ जंगलात आणि पीट जमिनीत नवे परवाने देणे थांबविले आणि २०१९ मध्ये ही स्थगिती कायमची केली. २०१३ साली तेथील घटना न्यायालयाने परंपरागत समाजांची जंगले ही शासनाची जंगले नव्हेत, असा ऐतिहासिक निर्णय दिला. २०१५ च्या आगींनंतर काही वर्षे तेथील जंगलनाशाचा वेग लक्षणीय प्रमाणात उतरला. राजकीय इच्छा असेल, तर हे थांबविता येते, एवढे त्यावरून सिद्ध होते. ती इच्छा टिकेल की नाही, हे मात्र केवळ जकार्तात ठरणार नाही. खरेदी करणाऱ्या देशांवरही ते अवलंबून राहील.

क्षेत्रफळाचा भ्रम

येथे आपल्याला आपल्याच घरात डोकवावे लागेल. आपले १९८० चे वनसंवर्धन कायद्याचे पाऊल आणि १९८८ चे राष्ट्रीय वनधोरण ही दोन्ही दूरदृष्टीची होती. उद्योगांना लागणारा कच्चा माल नैसर्गिक जंगलातून न देता त्यांनी तो शेतकऱ्यांकडून घ्यावा, असे त्या धोरणाने स्पष्टपणे म्हटले. परंतु धोरण एकीकडे आणि मोजमाप दुसरीकडे, अशी आपली अवस्था आहे. देशाच्या वनस्थितीच्या अहवालात एक हेक्टर वा त्याहून मोठ्या जागेत दहा टक्के छत्र असले की ते वनाच्छादन धरले जाते. मग ते नैसर्गिक अरण्य असो, निलगिरीची लागवड असो की फळबाग. महाराष्ट्रात १९७४ साली वनविकास महामंडळ स्थापन झाले आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या बाजूला मिश्र जंगल काढून सागाची लागवड करण्याचे काम त्याने दीर्घकाळ केले. कागदावर जंगल एक एकरानेही घटले नाही. मोह, तेंदू, बेहडा, बांबू गेले आणि त्यांच्या आधाराने जगणारी माणसे नकाशात दिसत नाहीत, म्हणून तीही घटली नाहीत.

या हिशेबाचे टोक पाहायचे, तर ग्रेट निकोबार बेटाकडे पाहावे. तेथे बंदर, विमानतळ व नगर यांसाठी सुमारे १३० चौरस किलोमीटर वनजमीन देण्यास २०२२ मध्ये तत्त्वत: मान्यता मिळाली. हे बेट सुमात्राच्या अगदी जवळचे आणि तेथील जंगल बोर्निओच्याच जातीचे उष्णकटिबंधीय पर्जन्यवन. त्याची भरपाई म्हणून झाडे लावायची, ती हरयाणात, असे ठरले. पर्जन्यवनाचा आणि अरवलीच्या पायथ्याच्या लागवडीचा हेक्टरास हेक्टर असा जो सरकारी विनिमयदर त्यातून दिसतो, तो निसर्गाला मान्य होण्यासारखा नाही.

यातून मार्ग कोणता? पहिली गोष्ट, नैसर्गिक अरण्य आणि लागवड यांची नोंद वेगळी झाली पाहिजे आणि अरण्याचे क्षेत्रफळ किती, याबरोबरच त्याची अवस्था काय, हेही दरवेळी प्रसिद्ध झाले पाहिजे. जोपर्यंत नैसर्गिक अरण्य आणि लागवड एकाच रकान्यात बसतात, तोपर्यंत तोड अदृश्य राहणार. दुसरी गोष्ट, आपण आयात करतो ते लाकूड कोणत्या जंगलातून आणि कोणत्या अधिकाराने आले, हे विचारण्याची जबाबदारी आपली आहे. अमेरिकेने २००८ मध्ये आपल्या कायद्यात तशी दुरुस्ती केली. युरोपीय संघाने आणि जपाननेही आपापल्या परीने कायदे केले. युरोपने २०२३ मध्ये केलेल्या अधिक कडक कायद्याची अंमलबजावणी पुढे ढकलली जात राहिली, यावरून हे काम किती अवघड आहे ते दिसते. तरीही एवढी मोठी बाजारपेठ असलेल्या भारताने याबाबत कायदाच करू नये, हे शोभणारे नाही. तिसरी गोष्ट, पामची लागवड देशातच वाढविण्याची जी राष्ट्रीय मोहीम २०२१ मध्ये सुरू झाली आणि जिचा रोख ईशान्य भारत व अंदमान यांच्याकडे आहे, तिने नैसर्गिक जंगलाची एक काठीही हलता कामा नये. आयात थांबवण्यासाठी बोर्निओच आपल्या घरी आणणे हा काही उपाय नव्हे.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे आणि तिचा धडा आपल्याच गडचिरोलीत आहे. मेंढा-लेखा या गावाला २००९ मध्ये वनहक्क कायद्यान्वये आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. ज्या बांबूवर पूर्वी कागद कारखान्यांचा हक्क चाले, तो गाव आता आपल्या हिशेबाने तोडतो, विकतो आणि राखतो. वीस वर्षांच्या परवान्यावर आलेली कंपनी आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथेच राहणारे गाव यांच्यातील फरक हाच आहे की, गावाला पस्तिसाव्या वर्षीही तेथेच असायचे असते. पेनानांना जे नाकारले गेले, ते मेंढ्याला मिळाले. गडचिरोलीतील इतर गावांना, आणि देशातील इतर जंगलांना, ते किती मिळते, यावर आपल्या वनरक्षणाची खरी परीक्षा आहे.

मानवी व्यवहारातून होणाऱ्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात शेती, वने व जमिनीचा वापर यांचा वाटा सुमारे २२ टक्के असल्याचे आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञ मंडळाने सांगितले आहे. गिरण्यांची धुराडी आणि मोटारींचा धूर यांविषयी आपण वाद घालतो, ते योग्यच आहे; पण अरण्यातून निघणाऱ्या धुराला धुराडे नसल्याने त्याचा कोणी धनी होत नाही. तो धनी शोधायचा, तर परवाना देणाऱ्या कचेरीपासून ओंडका घेणाऱ्या वखारीपर्यंत आणि तेथून आपल्या घराच्या उंबरठ्यापर्यंत यावे लागते. वनमहोत्सवात एक रोप लावून हे देणे फिटणार नाही. पुढच्या वनस्थिती अहवालात आपल्या जंगलाचे क्षेत्र काही चौरस किलोमीटरांनी वाढल्याचे वाचण्यात येईल, तेव्हा ते कोणत्या झाडांचे जंगल आहे आणि त्यात कोण राहते, एवढे दोन प्रश्न तरी नागरिकांनी सरकारला विचारायला हवेत.